आजोबांचं आयुष्य लिहून काढायचंय: जन्मसालापासून छपाईपर्यंत काय काय लागतं?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या आजोबांनी सगळं आयुष्य काढलं. गेल्या माघात ते गेले. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1929, म्हणजे वय 95. घरचे म्हणतात वय त्याहून जास्त होतं.

गावातली शाळा, पाराजवळची सार्वजनिक विहीर, सोसायटी, दरवर्षीचा सप्ताह, बहात्तरच्या दुष्काळातली कामं, बांधाची भांडणं मिटवणं, या सगळ्यात त्यांचा हात होता. रझाकारीच्या दिवसांत पैनगंगेपलीकडं उमरखेडला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पावर भाकरी आणि निरोप पोचवायचे, असंही गावात सांगतात.

वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटं पुस्तक काढायचं घरात ठरलंय. 'थोर, दानशूर, अजातशत्रू' अशी विशेषणांची माळ नको. त्यांनी नेमकं काय केलं, कुठं केलं, कोणाला बरोबर घेऊन केलं, हे पन्नास वर्षांनी गावातल्या पोराला वाचून कळावं एवढीच इच्छा आहे. जन्मसाल कसं ठरवायचं, कागद कुठं मिळतात, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कसं टिपायचं आणि छपाईत काय सांभाळायचं, जाणकारांनी सांगावं.

दप्तरी
दादा, विशेषणं नकोत हे पहिल्याच दिवशी ठरवलंत, निम्मं काम झालं.

1 जून दिसला की तो जन्माचा दिवस नाही असंच धरून चला. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीत घरोघरी 1 जून आणि 1 जुलैचेच वाढदिवस आहेत. पोरगं शाळेत आणलं की गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते बघायचे, लागला की सहा वर्षं धरायचे आणि वर्ष मागं मोजून शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकायचे. खुराकाचं पोरगं उंच असलं तर वय वर्ष-दीड वर्ष जास्त लागायचं, किरकोळ असलं तर कमी. आणि मुलगा आठव्या-नवव्या वर्षी शाळेत गेला असेल तरी रजिस्टरात सहाच पडायचं. त्यामुळं दाखल्यावरचं वय खऱ्यापेक्षा कमी असण्याचीच शक्यता जास्त.

टी.सी. वर थांबू नका. शाळेत जाऊन मूळ 'प्रवेश निर्गम' रजिस्टरचा उतारा मागा. टी.सी. ही नंतर केलेली नक्कल असते आणि नक्कल करताना साल बदललेलं मी पुष्कळ रजिस्टरांत पाहिलंय. उताऱ्यात दाखल झाल्याची तारीख, इयत्ता आणि आधीची शाळा असते. जन्मतारखेपेक्षा दाखल तारीख भरवशाची, कारण ती समोर घडलेली गोष्ट आहे.

मांजराकाठ
आमच्या लातूरकडं म्हातारी माणसं साल सांगत न्हाईत, खूण सांगतेत. ती खूण पकडा. 'निजामाच्या जुबिलीत शाळेत मिठाई वाटली तवा मी दुसरीत होतो' असं कुणी म्हणलं तर ते 1937 धरायचं. 'पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मिसरूड फुटलं होतं', 'लग्न झालं तवा हालीच चालायची', 'थोरला पोरगा पहिल्या इलेक्शनचा'. पोलीस ॲक्शन म्हंजी भारतीय फौजेनं निजामाचं राज्य घेतलं ते, 1948 ला. हाली म्हंजी निजामाचा रुपया. पहिली निवडणूक 1951-52 ची. अशा चार-पाच खुणा एका कागदावर उभ्या मांडा, प्रत्येकीपुढं अंदाजे वय लिहा आणि वजाबाकी करा. चार उत्तरं एका-दोन वर्षांत आली की साल सापडलं. एखादं लांब पडलं तर ती खूण दुसऱ्या भावाची असती, लोक भावाभावांची गल्लत लई करतेत.

जन्माचा महिना कुणाला म्हाईत हाय का ते बी विचारा. बायकांना महिना आणि सण ध्यानात राहतो.

पैनगंगाकाठ
मांजराकाठ, महिना माहीत आहे! आजोबांच्या धाकट्या बहीण आहेत अजून. त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं, 'हा धोंड्याच्या महिन्यातला, पंचमी जवळ आली होती.'

पंचांगवाला
मग हे जवळजवळ सुटलंच की!

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो. नागपंचमी निज श्रावणात, म्हणजे अधिक महिन्यानंतरच्या खऱ्या श्रावणात. पंचमी पुढं आहे आणि चालू महिना अधिक आहे, म्हणजे तो अधिक श्रावणच. तोच अधिक महिना बहुतेक वेळा 19 वर्षांनी पुन्हा येतो. 2023 ला अधिक श्रावण होता, 2004 ला होता. मागं जा: 1985, 1966, 1947. 15 ऑगस्ट 1947 चा दिवस अधिक श्रावणातच पडला होता. आणखी 19 मागं गेलं की 1928. त्या वर्षी अधिक श्रावण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होता.

अधूनमधून आठ किंवा अकरा वर्षांनीही तो येतो, म्हणून 1939 लाही अधिक श्रावण आहे. पण 1939 धरलं तर रझाकारीत आजोबा नऊ वर्षांचे होतात आणि निरोप पोचवायची गोष्टच बसत नाही. तेव्हा 1928, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. दाखल्यापेक्षा दहा महिने आधी. जुनं पंचांग मिळालं तर एकदा डोळ्याखालून घाला. पुस्तकात मात्र 'जन्म: अधिक श्रावण, 1928 (शाळेच्या नोंदीत 1 जून 1929)' असंच लिहा. दोन्ही ठेवा, म्हणजे पुढं कोणी दाखला काढला तर गोंधळ नको.

पैनगंगाकाठ
काय बोलू. त्या बहीण-आज्जींना आत्ताच फोन करून सांगितलं.

उर्दूवाले सर
शाळेचं रजिस्टर त्या काळातलं असेल तर नोंद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजाम राज्याचं महसुली साल, असण्याची शक्यता धरा. निजाम राज्यात सरकारी कामकाज उर्दूतून चालायचं. सुरुवातीचे वर्ग मराठीत असले तरी वरचे उर्दूत आणि दप्तरही उर्दूत.

हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात 'आजर' महिन्यानं सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरच्या 'आबान'नं संपायचं. आजरपासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या तारखेला फसली सालात 590 मिळवा, जानेवारीपासून पुढं 591. पोलीस ॲक्शन सप्टेंबर 1948 ची, म्हणजे 1357 फसलीचा शेवट. तुमच्या आजोबांचा जन्म 1337 फसलीत येतो.

लोक इथं फसतात ते हिजरीमुळं. तेच 1928 साल हिजरीत 1347 आहे. म्हणजे हिजरी आकडा फसली समजून 591 मिळवलात तर माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. आकड्याशेजारी 'फे' हे अक्षर असेल तर फसली, 'हे' असेल तर हिजरी. उर्दू आकड्यांत टोक खाली असेल तर 7, टोक वर असेल तर 8. फोटो उलटा धरला की याचं त्याचं होतं. महसुली कागद शिकस्ता वळणात असतात, नुसती छापील उर्दू येणाऱ्याला ते लागत नाहीत. रकमाही पुष्कळदा आकड्यांत नसून 'रक़म' नावाच्या वेगळ्या चिन्हांत असतात. जुन्या दस्तलेखकांकडं किंवा निवृत्त उर्दू शिक्षकांकडं जा, आणि एकाच कागदाचं वाचन दोघांकडून वेगवेगळं करून घ्या. जुळलं तरच छापा.

दुधना
वाचनखूण साठवली. सर, मोडीचं पण हेच का?

उर्दूवाले सर
मोडीतही दोघांकडून वाचून घ्यावं. घरगुती हिशोब, कर्जरोखे, वाटणीपत्रं मोडीत सापडतात. सरकारी कागद उर्दूत. एकाच गाठोड्यात दोन्ही लिपी असल्या तर गोंधळू नका.

दप्तरी
आता कागदांकडं येऊ. कुठल्या कामाचा कागद कुठं, एवढं समजलं की हेलपाटे वाचतात.

जमीन आणि कुटुंब: तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये 1954 चं खासरा पत्रक आणि त्यानंतरची पाहणीपत्रकं. 1951 चं नागरिक रजिस्टर टिकलं असेल तर घरातल्या माणसांची नावं आणि वयं एका जागी मिळतात, जन्मसालाला तोही एक पुरावा. जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायच्या कामात मराठवाड्यातली ही दप्तरं मोठ्या प्रमाणावर उघडली, स्कॅन झाली. त्यामुळं आधी मिळत नव्हतं ते आता मिळू शकतं.

शाळा: 'शाळेला जागा दिली' असं गाव म्हणतं तेव्हा तीन शक्यता असतात. स्वतःच्या मालकीची जागा दिली, गावठाणातली मोकळी जागा मिळवून दिली, किंवा जागा दुसऱ्याची आणि मन वळवलं यांनी. तिन्ही मोठी कामं आहेत पण एक नाहीत. फेरफार रजिस्टर (गाव नमुना 6) बघा, बक्षीसपत्र किंवा दानपत्राची नोंद असेल. नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घर-जागांची आकारणी नोंदवही. शाळेत इमारत नोंदवही असते. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या. खोली त्याआधीची असेल तर बहुतेक लोकवर्गणीची किंवा श्रमदानाची, मग वर्गणीची वही शोधायची.

सोसायटी: विविध कार्यकारी सोसायटीत सभासद रजिस्टर (आय नमुना) आणि सभांचं इतिवृत्त. पदाधिकारी कोण, कधीपासून कधीपर्यंत, हे इतिवृत्तावरच्या सहीवरून काढा. 'वीस वर्षं चेअरमन' असं तोंडी सांगतात आणि मधली पाच वर्षं दुसराच कोणी असतो. त्याचंही नाव लिहा, त्याला बरं वाटेल आणि तुमचं पुस्तक खरं राहील.

ग्रामपंचायत कागद देईना तर माहितीच्या अधिकारात अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'आजोबांबद्दलची सर्व माहिती' लिहाल तर काहीच मिळणार नाही. 'सन अमुक ते अमुक ग्रामसभा इतिवृत्ताच्या पानांच्या छायाप्रती' असं लिहा. पण आधी नुसतं जाऊन बसा, चहा घ्या, कपाट उघडायला हात लावा. निम्मी कामं तिथंच होतात.

बालाघाट
बहात्तरच्या कामांचं थोडं. हजेरीची मस्टरं आता मिळायची आशा धरू नका, मुदत संपली की ती नष्ट करतात. पण काम जमिनीवर आहे ना! पाझर तलाव, नाला बंडिंग, खडीचा रस्ता, जे असेल तिथं जा. बांधाची लांबी टेपनं मोजा, सांडव्याची रुंदी घ्या, फोनवर अक्षांश-रेखांश टिपा. त्या तलावाखालच्या विहिरींना आज पाणी किती महिने टिकतं ते विचारा. 'दुष्काळात लोकांना काम मिळवून दिलं' या वाक्यात काही नाही. कुठल्या ओढ्यावर, किती लांब बांध, किती गावांचे मजूर, हे वाचलं की माणूस दिसतो.

विचारताना नेमकं विचारा: ते मुकादम होते का, का हजेरी घ्यायचे, का नुसती माणसं गोळा करून साहेबाकडं काम मागायला गेले? खडी फोडायची तर माप ब्रासचं, 100 घनफूट. ढीग आतून पोकळ रचला की माप फसायचं आणि सगळ्या टोळीची मजुरी कापली जायची. चांगला मुकादम ढीग रचतानाच उभा राहायचा. मिलो, म्हणजे ती परदेशी लाल ज्वारी, आणि सुकडी कुठं वाटली, रांग कोण लावायचं, म्हाताऱ्या-अपंगांचा वाटा घरी कोण पोचवायचं, हे विचारा. सार्वजनिक माणसाची खरी परीक्षा त्या रांगेत झालेली असती.

मांजराकाठ
बालाघाट, शेवटच्या वाक्याला हजार मोदक.

विहिरीचं पण तसंच करा. व्यास, खोली, किती फूट दगडी बांधकाम, पायऱ्या हायत का, पोहरा का मोट. आणि पाणी कोणकोण भरायचं? सगळ्या वस्त्यांना खुली होती का पहिल्या दिवसापासून? हे विचारायला लोक कचरतेत. विचारा. खुली असंल तर तीच आजोबांची सगळ्यात मोठी गोष्ट हाय, आणि नंतर खुली झाली असंल तर कोणाच्या पुढाकारानं ते लिहा.

खर्चाचा आकडा सापडला तर हाली का कलदार, म्हंजी इंग्रज सरकारचा रुपया, ते बघा. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. 700 हालीची विहीर 600 कलदारला पडली.

सत्याग्रही
मूळ धाग्यातल्या उमरखेडच्या उल्लेखाबद्दल स्पष्ट बोलतो. पुरावा नसेल तर 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द पुस्तकात घालू नये. हैदराबाद मुक्तिसंग्राम हा स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तुरुंगवास भोगून, जीव देऊन लढलेला लढा आहे. 1938 चा सत्याग्रह, मग 1947-48 चा. त्यात ज्यांच्या नोंदी आहेत त्यांच्या शेजारी ऐकीव नाव बसवणं बरोबर नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिक शाखेत चौकशी करा. सन्मानपत्र, निवृत्तिवेतनाची फाइल, तुरुंगाचा दाखला किंवा सहकाऱ्यांची शपथपत्रं, यातलं काही आहे का? नसेल तर गाळा.

गोदातीर
सत्याग्रही काका, आदर ठेवून असहमत. गाळा कशासाठी? कॅम्पावर भाकरी कोणी पोचवली याचा दाखला कोण देणार होतं? ज्या बायकांनी रात्री पीठ मळलं, ज्या पोरांनी नदी ओलांडली, त्यांतल्या कितीकांनी कधी अर्जच केला नाही. कागद नाही म्हणून काम नाही असं म्हटलं तर खेड्यातल्या निम्म्या माणसांचा इतिहास पुसला जाईल.

फक्त लिहायची रीत सांभाळा. 'ते स्वातंत्र्यसैनिक होते' असं न लिहिता, 'गावातल्या अमुक अमुक तिघांच्या सांगण्यानुसार ते उमरखेडच्या कॅम्पावर भाकरी पोचवत' असं लिहा. सांगणाऱ्याचं नाव, त्याचं वय, त्यानं स्वतः पाहिलं की बापाकडून ऐकलं, हे तिथंच द्या. मग वाचणारा ठरवेल.

सत्याग्रही
गोदातीर, ही रीत मला मान्य आहे. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवलं की माझी हरकत संपली.

आणखी एक तपासा. पैनगंगा कोणत्या घाटावर ओलांडायचे? पावसाळ्यात कसं, उन्हाळ्यात कसं? तपशील जुळले तर कथेला जोर येतो. दोन म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांना न भेटता एकच घाट सांगितला तर तो मोठाच पुरावा.

उर्दूवाले सर
एक विनंती. त्या सप्टेंबरनंतरचे दिवसही विचारा. पोलीस ॲक्शननंतर बऱ्याच गावांत मुसलमान कुटुंबांवर संकट आलं, आणि बऱ्याच गावांत शेजाऱ्यांनी त्यांना घरात, वाड्यात, कडब्याच्या गंजीआड लपवून वाचवलं. तुमच्या आजोबांसारखा माणूस त्या आठवड्यात काय करत होता, हे गावातल्या मुस्लिम घरांतही जाऊन विचारा. तिथं कदाचित अशी गोष्ट मिळेल जी तुमच्या घरात कोणी सांगितली नसेल.

पैनगंगाकाठ
सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. तांबोळ्यांच्या घरी नक्की जाणार.

वीणेकरी
सप्ताह राहिला की! सप्ताहाच्या छापील पत्रिका गोळा करा. वर 'वर्ष 41 वे' असं असतं, त्यावरून सुरुवातीचं साल मागं मोजता येतं. पण करोनाच्या वर्षात गजर झाला नाही तरी काही गावं क्रमांक चालू ठेवतात, काही तिथं थांबवतात. म्हणून वेगवेगळ्या दशकांतल्या दोन-तीन पत्रिका ताडून बघा.

वर्गणीची वही म्हणजे सोनं. पैशाची पट्टी कोणाची, ज्वारीची पायली कोणाची, कोणी सरपण दिलं, कोणाची बैलगाडी, सगळं त्यात असतं. आजोबांच्या हातची वही असेल तर एक पान जसंच्या तसं छापा. विणेच्या पहाऱ्याची यादी असेल तर तीपण. रात्री दोन ते चारचा पहारा कोण घ्यायचं ते बघा, तो पहारा सहसा कोणी मागून घेत नाही.

अन्नपूर्णा_बीड
विषयाला थोडं सोडून, पण वर्षश्राद्धालाच प्रकाशन म्हणजे पंगतही आलीच. शंभर पानांना अंदाज: पोळ्यांची कणीक 12 ते 14 किलो, भाताला तांदूळ 7-8 किलो, वरणाला तूरडाळ 3 किलो, काशीफळाची भाजी करायची तर सोलून-चिरून 14-15 किलो, शिऱ्याला रवा 5 किलो, साखर 5 किलो. गावजेवणात ऐन वेळी दहा पानांमागं दोन पानं वाढतात, त्या हिशेबानं शिधा काढून ठेवा पण शिजवू नका. भात मात्र दोन टप्प्यांत लावा. एकदम लावला की शेवटच्या पंगतीला गोळा होतो.

दुधना
ताई, पंगतीत पुस्तक वाटू नका एवढं मात्र सांगा. वरणाचे हात लागून पार वाट लागते. जेवण झाल्यावर, पान-सुपारीबरोबर.

अन्नपूर्णा_बीड
बरोबर. आणि घरटी एकच. माणशी वाटलं तर एका घरात पाच आणि दुसऱ्यात एकही नाही असं होतं.

ध्वनिफीत
रेकॉर्डिंगबद्दल, कारण हेच काम आधी करायला हवं. कागद महिनाभर थांबतील, ऐंशी-नव्वदीतली माणसं थांबतील याची खात्री नाही. आज्जींपासून सुरुवात करा, उद्याच.

साधा फोन पुरतो. विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. पंखा, कूलर, टीव्ही बंद. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या-वाकळा असलेली खोली सगळ्यात चांगली. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, कपड्यावर ठेवा. थेट फरशीवर किंवा स्टीलच्या ताटाजवळ नको. गळ्याला लावायचा वायरचा माइक मिळाला तर उत्तम, पण मंगळसूत्र, माळ त्याला घासत नाही ना ते बघा. दोन मिनिटं टिपून ऐका, मगच पुढं. सुरुवातीला तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव तुम्ही स्वतः बोला, आणि 'हे छापलं तर चालेल ना' याचं उत्तरही रेकॉर्डमध्येच घ्या.

एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ. सकाळी, औषध-न्याहारी झाल्यावर. 'आजोबा कसे होते?' हा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर येतं 'लै चांगले', आणि दार बंद होतं. वस्तू, जागा, क्रम विचारा. भांडण मिटवायला कुठं बसायचे? आधी कोणाचं ऐकायचे? दोघं एकदम बोलायला लागले तर काय करायचे? कागद व्हायचा का? उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, सावकाश पाच आकडे मोजा. खरी गोष्ट बहुतेक त्या गप्प वेळेनंतर येते.

घरातली पाच माणसं गोळा करून रेकॉर्ड करू नका. सगळ्यांत मोठा आवाज असतो त्याचीच आठवण खरी ठरते आणि बायका गप्प बसतात. एकेकट्यानं बसा. त्याच दिवशी फाइल फोनमधून काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

सत्याग्रही
भांडणांबद्दल: निवाडे छापताना दोन्ही पक्षांची नावं आणि गट नंबर गाळा. बांध आजही तिथंच आहे आणि नातवंडं अजून शेजारी आहेत. वाद कशाचा होता आणि कसा मिटवला एवढं पुरतं. आजोबा तंटामुक्त समितीवर असतील तर 2007 नंतरचं समितीचं रजिस्टर बघा, किती वाद आले आणि किती मिटले हा आकडा त्यात मिळेल.

फोटोवाला
फ्रेममधले जुने फोटो काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नका, चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच फोटो घ्या. ओसरीच्या सावलीत, फ्लॅश बंद, कॅमेरा फोटोला अगदी समांतर, आणि आपल्या पाठीमागं काळं कापड धरायला एकाला उभं करा म्हणजे चमक येत नाही. सुटे फोटो आणि कागद स्कॅन करताना 300 डीपीआय, पासपोर्टएवढा लहान फोटो 600 वर. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापायला चालत नाही. डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा मूळच आणा.

जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. कसर लागली असेल तर मऊ ब्रशनं झटका, सावलीत वारा द्या. उन्हात घालू नका.

खिळेजुळारी
छपाई. आकार एकअष्टमांश डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. पानं 16 च्या पटीत ठेवा. 64 पानांचे चार फॉर्म होतात, 66 केलीत तर दोन पानांसाठी अख्ख्या फॉर्मचा खर्च. आतला कागद 70 जीएसएम मॅपलिथो, फोटोंची आठ पानं आर्ट पेपरवर एकत्र, मुखपृष्ठ 300 जीएसएम आर्ट कार्ड. 64 पानांपर्यंत मधोमध पिन चालते, त्याहून जाड झालं तर पाठीला डिंकाची बांधणी. प्रती दोन-अडीचशेच्या आत असतील तर डिजिटल, पाचशेला ऑफसेट स्वस्त पडतं.

टंक 13 पॉइंटच्या खाली नको, वाचणारे साठीपुढचे आहेत. तुम्ही युनिकोडमध्ये दिलं आणि प्रेसवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये फिरवलं की रफार उडतो, 'शेतकऱ्यांनी'चं भलतंच होतं, 'श्र' आणि 'त्र' बिघडतात. म्हणून छापायला द्यायची पीडीएफ स्वतः कागदावर काढून वाचा, स्क्रीनवर नाही. नावं आणि आकडे वेगळ्या माणसाकडून तपासा. जिवंत माणसाच्या नावाआधी 'कै.' छापलं तर कितीही माफी मागा, भागत नाही.

गोदातीर
शेवटी चार पानं कोरी ठेवा, वर फक्त 'दुरुस्त्या आणि भर' असं छापा. गावात पुस्तक गेलं की लोक चुका काढतातच. शाळेत, ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात ठेवलेल्या प्रतींत त्या लिहून घ्या.

पैनगंगाकाठ
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून क्रम असा लावलाय: आधी आज्जी आणि गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग, मग शाळेचं रजिस्टर, मग विहीर आणि तलावाची मोजणी, मग तहसील. उमरखेडचं गोदातीर म्हणतात तसं, सांगणाऱ्याच्या नावासह. विहीर सगळ्यांना कधी खुली झाली हे दोन्ही वस्त्यांत विचारणार. एकच शंका, सालवार लिहावं की कामवार?

बालाघाट
कामवार. विहीर, शाळा, सोसायटी, दुष्काळ, सप्ताह अशी प्रकरणं. सालवार लिहिलं की प्रत्येक काम तुकड्यातुकड्यांत विखुरतं. सालांचा एक पानभर तक्ता सुरुवातीला द्या, त्यात पंचांगवाल्यांचा 1928 सगळ्यात वर.

मांजराकाठ
आणि परतेक प्रकरणाच्या शेवटी त्या कामात बरोबर असलेल्यांची नावं. एकटा माणूस विहीर पाडत नसतो. आजोबा असते तर त्यांनी हीच नावं आधी घेतली असती.

दप्तरी
तहसीलला जायच्या आधी एक करा. आत्ताच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे, 1954 च्या पत्रकात जुना सर्व्हे नंबर. जमिनींच्या एकत्रीकरणात ते बदलले. तलाठ्याकडून जुन्या-नव्या नंबरांचा जुळणी तक्ता घेऊन जा. नुसता गट नंबर सांगितलात तर रेकॉर्ड रूममधला माणूस 'नोंद नाही' म्हणून परत पाठवील, आणि नोंद तिथंच कपाटात असेल.